भिंत कुणाच्या बापाची?

गेल्या बैठकीत एक मित्र उभा राहिला आणि म्हणाला, 'आपल्यातला एक कवी शनिवारी रात्री अंधेरीच्या दारूखान्यात गाणी लावतो. पैसेवाल्यांच्या पोरापोरींना नाचवतो. ह्याला चळवळीत काय म्हणायचं?' सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मी गप्प बसलो. तोंड उघडलं असतं तर शिवी निघाली असती, आणि समोर आयाबाया बसल्या होत्या. म्हणून आता लिहितो. लिहिलेली शिवी विचार करून दिलेली असते.

होय. मी डीजे आहे. आठवडाभर गोदीत कंत्राटदाराकडं हमाली करतो आणि शनिवारी रात्री क्लबात गाणी लावतो. लग्नसराईत मुलुंड-भांडुपला हळदीही वाजवतो. ह्यातलं काय लपवायचं?

मित्रा, माझी गोदीतली हमाली तुला चालते. तिच्यावर तू कविता मागतोस. नावाखाली 'गोदी कामगार' असं छापतोस, म्हणजे अंकाला घामाचा वास येतो. अरे, गोदीत मी ज्याचं स्टील उचलतो तो काय आपला सोयरा लागतो? तिथं मालक परका, इथंही परकाच. तिथं पाठ विकतो, इथं कान विकतो. पाठ विकली की कामगार आणि कान विकला की भडवा, हा हिशोब कुठल्या पुस्तकातला?

आधी ह्या कामाची खरी रात्र ऐक. मग ठरव.

शनिवारी गोदीतनं सुटलो की घरी येऊन अंघोळ करायची. स्टीलचा गंज मानेत बसतो, तो साबणानं निघत नाही. मग काळा शर्ट. घाटकोपरहून अंधेरीला मेट्रो. ही मेट्रो २०१४ साली सुरू झाली. त्याआधी आमचे लोक बसमध्ये तासतासभर उभे राहून पश्चिमेला कामाला जायचे. क्लबाच्या पुढच्या दारानं मला सोडत नाहीत. मागनं, किचनच्या दारानं, कचऱ्याच्या पिंपांजवळनं. सामान उचलायच्या लिफ्टनं वर. जो माणूस आतल्या तीनशे जणांना चार तास हातावर खेळवणार तो कांद्याच्या पोत्याबरोबर वर जातो.

पहिल्या रात्री कार्यक्रम ठरवणाऱ्या दलालानं विचारलं, 'पूरा नाम?' मी सांगितलं. आडनाव ऐकून तो जरा थांबला. तुम्हाला ठाऊक आहे तो थांबा. शाळेत, नोकरीच्या रांगेत, भाड्याच्या खोलीच्या दारात, सगळीकडं तो तेवढाच लांबीचा असतो. मग हसून म्हणाला, 'पोस्टर पे कुछ छोटा रखते हैं, इंग्लिश टाइप.' आणि त्यानंच माझं बारसं केलं. माझ्या बापानं ठेवलेलं नाव भिंतीवर लागायच्या लायकीचं नव्हतं म्हणे.

रात्रीचे अडीच हजार ठरले. मिळाले तीन आठवड्यांनी, ते पण दीड हजार. 'बाकीचं एक्सपोजर समज,' म्हणाला. हे एक्सपोजर मी वाण्याकडं घेऊन गेलो असतो तर त्यानं पावशेर तूरडाळ दिली असती का?

हे नवं नाही. फक्त वायर नवी आहे.

बाबासाहेबांचं 'जातिभेद निर्मूलन' १९३६ सालचं. त्यात इंदूरकडच्या बलाई जातीची हकीकत आहे. १९२८ च्या जानेवारीत वर्तमानपत्रात आली होती. कनारिया, बिचोली आणि आसपासच्या पंधराएक गावांतल्या सवर्णांनी बलायांना कलमं लावून दिली. काठाचं धोतर नेसायचं नाही. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. आणि त्यातच एक कलम, की हिंदूंच्या लग्नात वरातीपुढं वाजवायचं. बिदागी मिळेल तेवढी मुकाट घ्यायची. कबूल नसेल तर गाव सोडायचं.

वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. वाजवणं ही कला नव्हतीच. ते कलम होतं. आमचा पणजा बुलढाण्याकडं दुसऱ्याच्या दारात डफडं वाजवायचा. ऊन असो, ताप असो. हाक आली की निघायचं, आणि पंगत उठल्यावर उरेल ते पदरात. छप्पन्न सालच्या दीक्षेनंतर त्यानं डफडं चुलीत घातलं. आजा तेव्हा पोरगा होता. तो सांगायचा, कातडं जळताना सुद्धा वाजलं.

आता मित्र म्हणेल, मग तू तेच का करतोस? पणज्यानं जाळलं आणि पणतू पुन्हा परक्याच्या दारात वाजवायला उभा?

प्रश्न बरोबर आहे. उत्तर असं, की पणज्यानं वाजवणं जाळलं नाही, हुकूम जाळला. वाजवायचं सोडलं असतं तर वामनदादा कर्डक झाले नसते. १९२२ ते २००४, एवढं आयुष्य त्यांनी गाण्यात घातलं आणि गावोगाव बाबासाहेब पोचवले. अण्णाभाऊ साठे आमच्याच घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले. त्यांनी तमाशातला डफ उचलून कामगाराच्या हातात दिला. हुकुमाखालचं वाजवणं वेगळं आणि आपल्या मुठीतलं वेगळं. माझ्या क्लबात अजून हुकूम आहे. मला तो मोडायचाय. पण त्यासाठी आधी हे बघावं लागतं, की हुकूम येतो कुठनं.

तर एक रात्र सांगतो. १३ एप्रिलची.

त्या रात्री आपल्या वस्त्या झोपत नाहीत. बाराचा ठोका पडला की केक, निळा गुलाल, जयभीमचा गजर. मी त्या रात्री अंधेरीत कन्सोलवर अडकलेलो. सुट्टी मागितली असती तर जागा गेली असती. बाराला पाच कमी असताना आईचा फोन आला. आवाज ऐकू येईना, नुसती घरघर. मी हेडफोन उतरवला आणि खाली फ्लोअरकडं बघितलं. तिथं नाचणाऱ्या एकालाही आज काय आहे ते ठाऊक नव्हतं. मग बारच्या मागं बघितलं. ग्लास विसळणारा पोरगा घड्याळाकडं बघत होता. दारातला बाउन्सर घड्याळाकडं बघत होता. संडासाबाहेर पोछा घेऊन बसलेली मावशी मोबाईलच्या काचेत घड्याळच बघत होती.

बारा वाजले. मी चालू गाण्याच्या ठेक्यावर एक भीमगीत चढवलं. तीस सेकंद, जास्त नाही. ठेका तोच होता, नाचणाऱ्यांचे पाय थांबलेही नाहीत. पण ग्लासवाल्या पोरानं साबणाचा हात वर केला. बाउन्सरनं मूठ छातीवर आपटली. मावशी उभी राहिली. किचनच्या झडपेतनं तीन डोकी बाहेर आली. एका क्लबात किती जयभीम राबतात हे मला त्या तीस सेकंदांत कळलं.

मॅनेजर धावत आला. त्यानं स्वतः माझा फेडर खाली ओढला. 'ये सब यहाँ नहीं चलेगा. पॉलिटिकल मत कर.' त्या रात्रीचे निम्मे पैसे कापले. अर्ध्या तासापूर्वी ह्याच कन्सोलवर मी एका बिल्डरच्या पोराच्या वाढदिवसाला त्याच्या बापाचं नाव सात वेळा माइकवर घेतलं होतं. ते पॉलिटिकल नव्हतं.

आता दुसरी बाजू. त्याच रात्री दहाला आमच्या वस्तीत पोलिसांची गाडी आली आणि आवाज बंद झाला. कायदा आहे. माझ्या क्लबात मात्र दीडपर्यंत चालू. तिथंही कायदाच. एक शहर, एक रात्र, दोन घड्याळं. हे कसं?

मी दहावी पास आहे, वकील नाही. पण हा कायदा वाचून काढला. त्याचं नाव ध्वनिप्रदूषण (नियमन आणि नियंत्रण) नियम, २०००. वस्तीच्या भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. बाजारपेठेत ६५ आणि ५५. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. दोन माणसं साधं बोलली तरी साठाच्या आसपास जातं. म्हणजे नळावर भांडणारी आमची गल्ली रोज सकाळी गुन्हेगार. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. वर्षातनं जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानंही दहाची रेघ पक्की केली. गरब्यालाही तीच रेघ आहे, मी खोटं बोलणार नाही.

पण त्यात एक अपवाद आहे. बंदिस्त जागा. प्रेक्षागृह, परिषदेचं दालन, समाजगृह, मेजवानीचा हॉल, ह्यांच्या आत रात्री दहानंतरही चालतं. आवाज बाहेर सांडला नाही म्हणजे झालं.

कळलं का? कायद्यानं जात विचारली नाही. आडनाव विचारलं नाही. कायद्यानं फक्त विचारलं, तुला भिंत आहे का?

ज्याला जाड भिंत, दुहेरी काच, एसी आणि गादीचं अस्तर आहे त्याला पहाटेपर्यंतची रात्र. ज्याचं घर दहा बाय बाराचं, पत्र्याचं, ज्याचं लग्न रस्त्यात, मयत रस्त्यात, जयंती रस्त्यात, त्याला दहा. नाचायची हौस दोघांना सारखीच. मग गुन्हा कुणाचा? ज्याच्याकडं भिंत नाही त्याचा.

पांढरपेशे लोक दर एप्रिलात वर्तमानपत्राला पत्र लिहितात. 'आम्हाला झोप हवी.' झोप आम्हालाही हवी साहेब. पहाटे पाचची पाळी आमची असते. पण तुमच्या झोपेत आणि रस्त्यात भिंत आहे, आमच्या झोपेत आणि रस्त्यात पत्रा. सगळ्यात आधी आवाज आम्हालाच लागतो.

इथं आता मी माझ्याच लोकांकडं वळतो. टाळ्या वाजवायच्या थांबवा.

आपल्याला भिंत मिळाली नाही म्हणून आपण काय केलं? ट्रकवर भिंत उभी केली. बेसवर बेस, टॉपवर टॉप, जनरेटर, लेझर. सगळा महाराष्ट्र तिला 'डॉल्बी' म्हणतो. गंमत सांगतो. डॉल्बी हे एका माणसाचं नाव. त्यानं १९६५ साली कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी. आवाज स्वच्छ करणाऱ्याचं नाव आपण कानठळ्यांना दिलं.

ही भिंत कुणाची? ट्रक भाड्याचा. पैसे अर्धे वर्गणीचे, अर्धे त्याच्या खिशातले ज्याचा फोटो बॅनरवर बाबासाहेबांच्या फोटोएवढा असतो. पोलीस आले की तो अध्यक्ष साहेबाला चहा पाजतो आणि चौकीत बसतो डीजेवाला पोरगा. सामान जप्त त्याचं. केस त्याच्यावर. मी बसलोय. मला माहीत आहे ते बाकडं.

आणि ही भिंत कुणावर कोसळते? क्लबातल्या बिल्डरच्या पोरावर नाही. आमच्या गल्लीतल्या बाळंतिणीवर. टीबीच्या गोळ्या खाऊन पडलेल्या म्हाताऱ्यावर. दहावीच्या पोरीवर. आमच्या शेजारचं सव्वा महिन्याचं पोर गेल्या जयंतीला रडलं नाही, नुसतं हातपाय ताणून थरथरत राहिलं. त्याच्या आजीनं त्याचे कान दोन्ही तळव्यांनी झाकले होते आणि ती भिंतीकडं बघून जयभीम म्हणत होती. ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, आणि फेडर माझ्या हातात होता. मी आवाज उतरवला. मंडळातल्या पोरांनी मला ट्रकवरनं खाली ओढलं. अंधेरीत मॅनेजरनं फेडर ओढला, घाटकोपरात माझ्या भावांनी. दोन्हीकडं हुकूमच.

लोक म्हणतात, आवाज मोठा केला की ते घाबरतात. खरंच? शिर्डीत २०१५ साली एका तरुण पोराच्या मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली. तेवढ्यावरनं भांडण काढलं आणि त्याला उचलून नेऊन ठार मारलं. रिंगटोन किती डेसिबलची असते रे? नांदेडजवळ बोंढार हवेलीत १ जून २०२३ ला एका पोराचा खून झाला. गावात भीमजयंती काढली ह्याच रागातनं, असं त्याच्या घरच्यांनी फिर्यादीत सांगितलं. त्यांना डेसिबलची भीती नाही. त्यांना शब्दाची भीती आहे. नावाची भीती आहे.

आणि आपण काय करतो? शब्दच मारतो. हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. गाण्यातला शब्द आवाजाच्या मधल्या आणि वरच्या पट्टीत राहतो. ढोलाचा दणका खालच्या पट्टीत. खालची पट्टी पत्र्यातनं, भिंतीतनं, छातीतनं आरपार जाते. शब्द दहा घरांत विरून जातो. तू बेस चढवलास की शाहिराचा शब्द गाडला जातो. चार गल्ल्या पलीकडं फक्त धप् धप् पोचतं. त्या धप् धप् मध्ये बाबासाहेब कुठले आणि आयटम साँग कुठलं? आणि पलीकडचं मंडळ दुप्पट सामान आणतं म्हणून आपण चौपट आणतो. अरे, वीज दुप्पट केली तर मीटरचा काटा तीन डेसिबलनं चढतो फक्त. कानाला दुप्पट वाटायला दहापट ताकद लागते. म्हणजे चुरस आपली आणि पैसा भाडेवाल्याचा.

मुलुंडच्या झोपडीत राहणारा शाहीर विलास घोगरे एकतारी घेऊन गायचा. एक तार. ११ जुलै १९९७ ला आमच्या रमाबाई नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर लोक रस्त्यावर आले, राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या आणि दहा माणसं मेली. चार दिवसांनी, १५ जुलैला, घोगरेनं स्वतःला संपवलं. पण त्याची ती एक तार अजून ऐकू येते. आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड' ह्या फिल्ममध्ये ती साऱ्या जगानं ऐकली. कुठल्या ट्रकवरच्या भिंतीचा आवाज सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं पुरलाय ते सांगा.

मग काय, गप्प बसायचं? हाच सल्ला फ्लॅटवाला देतो. मी तो देणार नाही.

पँथर हे नाव १९७२ साली आपल्या लोकांनी अमेरिकेतल्या काळ्या भावांकडनं घेतलं. त्यांच्याकडनं अजून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. न्यूयॉर्कात ब्राँक्स नावाचा गरिबांचा भाग. घरं जळत होती, कामधंदा नव्हता. ११ ऑगस्ट १९७३ ला तिथं जमैकाहून आलेल्या एका पोरानं, कूल हर्क त्याचं नाव, दोन तबकड्या लावून पार्टी वाजवली. त्याच्या बहिणीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते, तिनंच ती पार्टी ठरवली. पोरींना पंचवीस सेंट, पोरांना पन्नास. लोक ज्या तुकड्यावर जास्त नाचतात तो ठेक्याचा तुकडा तो लांबवायचा. त्या रात्रीला जग हिपहॉपचा जन्म म्हणतं. आणि ती पार्टी कुठं झाली? १५२०, सेजविक ॲव्हेन्यू, त्याच्याच इमारतीच्या तळमजल्यावरच्या करमणुकीच्या खोलीत. रस्त्यावर नाही. ट्रकवर नाही. गरिबांच्या इमारतीला एक खोली होती. खोलीला भिंती होत्या. चाव्या त्यांच्या हातात होत्या.

आता आपल्याकडं बघा. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत बालवाडी आणि वेल्फेअर सेंटर बांधावंच लागतं. नियमात आहे. मी अशा इमारतींत हळदी वाजवल्यात. वेल्फेअर सेंटरला कुलूप. आत कुणाचं ऑफिस, कुणाचं गोडाऊन, कुणाच्या निवडणुकीच्या खुर्च्या. आणि पोरं बाहेर पार्किंगमध्ये नाचतात, दहाला मार खातात. रमाबाई नगराचा पुनर्विकास आता निघालाय. हजारो घरं. घराचा चौरस फूट सगळे विचारतात, विचारायलाच पाहिजे. पण एक जण तरी विचारतो का, की आमची खोली कुठंय? जिला जाड भिंत आहे, जिथं दिवसा अभ्यासिका आणि रात्री शाहिरी होईल, जिथं दहानंतरही आमचा आवाज कायद्यात बसेल?

भिंतीसाठी भांडा. ट्रकवरच्या नाही, खोलीच्या.

शेवटी, जी पोरं ह्या धंद्यात आहेत किंवा येणार आहेत त्यांच्यासाठी. मला कुणी सांगितलं नव्हतं, मार खाऊन शिकलो. कापून भिंतीवर चिकटवा.

एक. कान हे तुझं हत्यार. ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम चालतं. पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा, १०० ला पंधरा मिनिटं. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचं हे मोजमाप आहे, पण कान सगळ्यांचे सारखेच. फोमचे बोळे चार-पाच रुपयांना मिळतात. घाल. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर ते बक्षीस नाही, जखम आहे. गेलेला कान परत येत नाही.

दोन. निम्मे पैसे आधी. तारीख, वेळ, रक्कम, उशीर झाला तर तासाचा दर, सगळं मेसेजवर लिहून घे. तोंडी बोललेलं कन्सोलवर ऐकू येत नाही.

तीन. दोन पेन ड्राइव्ह, दोन्हींत तीच गाणी. फॅट-थर्टीटू पद्धतीनं फॉरमॅट कर, नाहीतर क्लबातलं जुनं मशीन वाचत नाही. स्वतःचा हेडफोन, जादा केबल, टॉर्च.

चार. मिक्सरवरचा लाल दिवा पेटला म्हणजे आवाज वाढला नाही, फाटला. हिरव्यात ठेव. फाटलेला आवाज स्पीकरही जाळतो आणि भरपाई तुझ्याकडनं घेतात.

पाच. फ्लोअरचे चेहरे बघू नकोस, पाय बघ. पाय जमिनीला चिकटले की गाणं बदल. सगळ्यात मोठं गाणं साडेदहाला लावलंस तर साडेबाराला काय लावणार?

सहा. एखाद्या पोरीला कुणी त्रास देत असेल तर तुला वरनं सगळ्यात आधी दिसतं. गाणं थांबव, लाइट लावायला सांग. ठेका पुन्हा धरता येतो.

सात. दारू नाही. फुकट मिळते म्हणून तर नाहीच. त्या ग्लासात तुझी मजुरी विरघळवतात.

आठ. मिरवणुकीत जनरेटरला अर्थिंग आहे का ते आधी बघ. पाऊस, ओला ट्रक आणि उघडी वायर, ह्यांच्यात हात घालायला नेहमी आपलाच पोरगा पाठवतात. जाऊ नकोस.

नऊ. बेस उचलताना गुडघ्यात वाक, कमरेत नाही. स्पीकर पोटाजवळ धर. हे मला गोदीतल्या म्हाताऱ्या हमालानं शिकवलं. तिशीत कंबर गेलेले डीजे मी बघितलेत.

दहा. जयंतीला शाहिराचं गाणं लावशील तर माइकवर आधी त्याचं नाव घे. आपण दुसऱ्यांना म्हणतो, आमची नावं पुसली. मग आपण तरी आपल्यांची पुसू नये.

आणि अकरावं, मंडळांच्या पोरांसाठी. ह्या जयंतीला एक बेस कमी आणा. त्या पैशात शाहीर बोलवा, त्याला खुर्ची, जेवण आणि पूर्ण बिदागी द्या. दवाखाना आणि बाळंतिणीचं घर आलं की फेडर खाली. दहाला बंद झालं तर शिव्या देत घरी जाऊ नका. दुसऱ्या दिवशी सगळे मिळून वेल्फेअर सेंटरच्या कुलपापाशी या. किल्ली मागा. लेखी मागा. नाही दिली तर तिथंच बसा.

बैठकीतल्या मित्रा, तू विचारलंस ह्याला काय म्हणायचं. कामगार म्हण. माझी मजुरी बुडते तेव्हा माझ्याबरोबर क्लबाच्या मागच्या दाराशी उभा राहा, जसा गोदीच्या गेटवर राहतोस. त्या दाराशी तुला आतला ग्लासवाला पोरगा भेटेल, बाउन्सर भेटेल, पोछावाली मावशी भेटेल. तीस सेकंदांत हात वर करणारी माणसं आहेत ती. तू कधी त्यांची बैठक घेतलीस?

पुढच्या १३ एप्रिलला मी अंधेरीत नसेन. जागा गेली तर जाऊ दे. आमच्या इमारतीतली ती कुलूपबंद खोली उघडून मी तिथं वाजवीन. आवाज ८५ च्या आत. दार लावलेलं. शब्द स्पष्ट. पोस्टरवर माझं पूर्ण नाव, आडनावासकट.

बाळाला घेऊन त्याच्या आजीनंही यावं, एवढाच आवाज असेल.